पुढचं स्टेशन, आंघोळ

सुरुचीला जगात एकाच पाखराची चीड होती, ती म्हणजे पोपटाची. त्या बिचाऱ्यानं तिचं काही घोडं मारलं नव्हतं. पण तिच्या मुलाचा, सुधन्वाचा विषय निघाला रे निघाला, की जो तो हेच पाखरू उडवायचा. सुधन्वा आठ वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. "आई, भूक लागली" असं स्वतःहून तो कधी म्हणाला नाही, पण दिल्ली मेट्रोतली घोषणा अशी हुबेहूब म्हणायचा की ऐकणाऱ्यानं दचकून पिशवी सांभाळावी. "अगला स्टेशन नवादा है. दरवाज़े बाईं ओर खुलेंगे." तीच पट्टी, तोच मधला थांबा. शेजारीण हसून म्हणायची, "आपका तोता तो कमाल है!" थेरपी सेंटरची बाई न हसता म्हणायची, "तोते की तरह बोलता है, समझता कुछ नहीं." सुरुची दोघींच्याही नावानं बोटं मोडायची आणि गप्प बसायची.

जानेवारीत शाळेनंही तेच म्हटलं, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

ही शाळा मिळवायला सुधन्वाच्या बाबांनी, जयेशनं, चपला झिजवल्या होत्या. जयेश केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. क्वार्टर करोल बागेजवळ आणि शाळा पार तिकडे द्वारकेला, कारण वाटेतल्या सगळ्या शाळांनी गोड बोलून दार लावून घेतलं होतं. या शाळेनं मुलाला घेतलं, दुसरीपर्यंत आणलं, आणि आता तिथल्या विशेष शिक्षिका, सबरवाल मॅडम, दोघांना समोर बसवून सांगत होत्या की असं पुढे चालायचं नाही. मार्चमध्ये त्या स्वतः सुधन्वाची परीक्षा घेणार. त्यात दोन गोष्टी दिसल्या तर तो तिसरीत जाईल. नाही दिसल्या तर दुसरी शाळा बघा.

"एक, वो पढ़के दिखाए," मॅडम म्हणाल्या. "और दो, एक बात अपने मन की बोले. बस एक. सुनी हुई नहीं, अपनी."

"बोलेगा," सुरुची ताडकन म्हणाली.

जयेशनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. कशाच्या जोरावर बोलतेस, असा त्याचा अर्थ. जोर कशाचाच नव्हता. राग होता, आणि त्या घटकेला तिला तेवढा पुरला.

खरी गोष्ट तर याहून वाईट होती. सुधन्वा अलीकडे घोषणासुद्धा म्हणेनासा झाला होता, आणि ते घरच्यांनीच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी थेरपी सेंटरच्या बाईनं दोन सल्ले दिले. मेट्रोची बडबड सुरू झाली की ओठांवर बोट ठेवून थांबवा, हा एक. आणि घरात एकच भाषा ठेवा, मुलाचा गोंधळ होतो, हा दुसरा. मूल दिल्लीत वाढणार म्हणजे हिंदी राहणार आणि मराठी जाणार, हे ओघानंच आलं. दिल्लीतली आपली मराठी माणसं असल्या बाबतीत भारी आज्ञाधारक. बाहेर हिंदी बोलतोच, आता घरातही बोलू, त्यात काय एवढं! आणि मग त्या क्वार्टरमध्ये जी हिंदी सुरू झाली, ती ऐकून खुद्द हिंदीनं कपाळाला हात लावला असता. "बेटा, वरण में तूप डालू क्या?" "सुधन्वा, पसारा मत कर, पहले आवर ले." नाशिकहून आलेल्या सासूबाई, अलकनंदाबाई, आठवडाभर नातवाला "इधर आव, मांडी पे बैठ" असं म्हणत राहिल्या. परत जाताना निजामुद्दीन स्टेशनवर त्यांनी सुनेचा हात धरला. "सुरुची, मला माझ्या नातवाशी बोलल्यासारखं वाटलंच नाही गं." सुरुचीला ते लागलं. पण बाई शिकलेली, सेंटर नावाजलेलं, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून तिनं दोन्ही सल्ले पाळले. मराठी गेली, घोषणा गेल्या, आणि मुलगा दिवसचे दिवस गप्प बसू लागला.

त्या दिवशी शाळेतून जयेश परस्पर ऑफिसला गेला आणि मायलेक मेट्रोनं घरी निघाले. सुधन्वा खिडकीला नाक लावून बसला. द्वारका मोड गेलं. वरून ते टिंग-टाँग वाजलं, मागोमाग घोषणा झाली, आणि सुरुचीनं पाहिलं की पोराचे ओठ हलताहेत. आवाज नाही, नुसते ओठ. आवाज काढला की आई बोट दाखवते, हे तो बरोबर शिकला होता. तिचं बोट सवयीनं वर गेलंच होतं, ते अर्ध्यावर थांबलं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ते बोट कुठे लपवावं हे तिला कळेना.

मग ती नुसती बघत राहिली. गाडी नवादाला शिरली, फलाटावरची पाटी खिडकीत आली, आणि सुधन्वाचे डोळे पाटीला असे चिकटले की पाटी मागे पडेपर्यंत सुटले नाहीत. उत्तम नगरला तेच. जनकपुरीला तेच. कानावर नाव पडलं की डोळे ते नाव शोधायला जायचे. मेला, पोपट कशाला पाटी बघतोय?

आणि घरी मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, की हेच पोरगं कान दाबून कॉटखाली जायचं. हा आवाज मात्र त्याला हवासा होता. का, ते सुरुचीला कीर्ती नगरच्या आसपास उमजलं. हा आवाज आधी टिंग-टाँग करून वर्दी देतो, पुढे काय येणार ते सांगतो, आणि मग ते खरोखर येतं. आपण मोठी माणसं "थांब", "चल", "आत्ता आले" म्हणतो आणि त्यातलं निम्मं खरं करत नाही. ही न दिसणारी बाई जे सांगते ते येतंच. सुरुचीला त्या बाईचा हेवा वाटला. शादीपूर येईपर्यंत तिनं ठरवूनही टाकलं, की ती नोकरी आता आपण करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या, एक लहान, एक मोठी. थोडं थोडं पाणी घालून, काढून, टिंग आणि टाँग जुळवलं. सुधन्वाची आंघोळ म्हणजे रोजची लढाई, आरडाओरडा, ओरबाडे, सगळं आलं. तिनं न्हाणीघराच्या दाराला जाड मार्करनं लिहिलेली पाटी चिकटवली, आणि चमच्यानं वाट्या वाजवून, नाकातून थोडा आवाज काढून म्हणाली:

"पुढचं स्टेशन, आंघोळ. दरवाजा डावीकडे उघडेल."

मराठीतच म्हणाली. ठरवून नाही, तोंडातून तसंच आलं. जयेश गालाला फेस लावलेला तसाच बाहेर आला. सुधन्वा कॉटवरून उठला, पाटीकडे बघत सरळ चालत गेला आणि आत शिरला. ना रडणं, ना ओरबाडणं.

"अगं, हे काय चाललंय?" जयेश म्हणाला.

"मेट्रो," सुरुची म्हणाली. "बाजूला हो, दरवाज्यात उभं राहू नये."

मग घरभर मेट्रो झाली. जेवण, दूध, चप्पल, खिडकी, झोप, सगळ्यांवर पाट्या आणि सगळ्यांच्या घोषणा, सगळ्या मराठीत. सुरुचीनं स्वतःला एकच नियम घालून घेतला: जे जाहीर केलं ते झालंच पाहिजे. "पुढचं स्टेशन, बाग" म्हटलं की मग पाहुणा येवो, दूध उतू जावो, बागेत जायचं. एकेका अक्षरावर ती वाटी वाजवायची, जे, व, ण. हळूहळू तिच्या वाटीबरोबर सुधन्वाचा आवाज परत आला. "जे. व. ण." त्या दिवशी तिनं अलकनंदाबाईंना फोन लावला आणि काही न बोलता फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. पलीकडून सासूबाई, "अगं बाई, अगं बाई," एवढंच म्हणत राहिल्या.

थेरपी सेंटरच्या बाईला हे कळलं तेव्हा ती भडकली. "आपने घर में फिर मराठी शुरू कर दी?"

"हाँ जी, शुरू कर दी," सुरुची म्हणाली. तिनं सेंटरला जाणं सोडून दिलं.

जयेश मात्र साशंक होता. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "आपण मुलाला वाचायला शिकवतोय की स्टेशनमास्तर करतोय?" असं तो आधी चेष्टेत म्हणाला. सुरुची म्हणाली, "झाला स्टेशनमास्तर तर पेढे वाटीन." मग एका रविवारी त्यानं गुपचूप दोन पाट्यांची अदलाबदल केली. दुधाची पाटी खिडकीवर आणि खिडकीची फ्रिजवर. सुधन्वा फ्रिजसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दूध."

"बघ," जयेश म्हणाला. "वाचत नाहीये गं तो. जागा पाठ आहेत त्याला. यार सुरुची, मार्चमध्ये त्या मॅडम फ्रिज घेऊन बसणार आहेत का?"

सुरुचीला नवऱ्याचा असा राग आला की विचारू नका. त्यातून तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच. ती स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली, नाक पुसलं आणि कात्री घेऊन बाहेर आली.

तिनं कार्डशीटवर स्टेशनांची नावं लिहिली, जी त्याच्या कानात आणि डोळ्यांत पक्की बसली होती ती, आणि त्याच्यासमोर एकेक अक्षर कापलं. कापताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हटलं. ज. न. क. पु. री. पहिल्या दिवशी सुधन्वानं सगळे तुकडे भिरकावून दिले, कापलेलं स्टेशन त्याला बघवेना. दुसऱ्या दिवशी दोन चावून टाकले. तिनं नवे केले. कितीतरी दिवस त्या घरात सोफ्याखाली, डाळीच्या डब्यात, जयेशच्या ऑफिसच्या बुटात अक्षरं सापडत होती. शेवटी एकदा तो तुकडे जोडायला लागला. जुळलं की तिच्याकडे बघायचा, आणि ती वाटी वाजवायची. मग तिनं द्वारकेतला 'का' घेतला आणि शेजारी आणखी एक 'का' ठेवला. असं स्टेशन नव्हतं. तो बघत राहिला. तिनं वाटी दोनदा वाजवली.

"का. का," तो म्हणाला. थांबला. "काका."

आणि त्यानं मान वळवून थेट मोबाइलकडे पाहिलं, जिथे दर रविवारी नाशिकचा काका दिसतो. जयेश पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून संध्याकाळच्या घोषणा जयेश करू लागला. सूर अगदीच भयंकर होता, पण सुधन्वा चालवून घ्यायचा.

जनकपुरीतली 'पुरी' ताटात आली, मोती नगरातला 'मोती' आईच्या कानात सापडला. मराठी असो की हिंदी, अक्षरं तीच, त्यामुळे एक शिकलं की दोन्हीकडे चालायचं. फेब्रुवारी संपता संपता पोरगं दुकानांच्या पाट्या वाचत बाजारातून चालू लागलं. पण मॅडमची दुसरी अट काही केल्या पुरी होईना. "सुधन्वा, काय हवं?" विचारलं की तो म्हणायचा, "काय हवं." "पाणी हवं?" "पाणी हवं." ओठांना पेला लावला की तोंड फिरवायचा. स्वतःचं, मनातलं, एक वाक्य नाही.

मार्च उजाडला. परीक्षेच्या दिवशी जयेशनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याला बाहेर थांबवलं, सुरुचीला आत भिंतीशी खुर्ची दिली. टेबलाच्या एका बाजूला सबरवाल मॅडम, समोर सुधन्वा. सुरुचीनं पिशवीतून वाट्या काढल्या तशा मॅडम म्हणाल्या, "ये नहीं चलेगा. ये तो इशारा हो गया."

सुरुची उभी राहिली. "मैडम, आप अपना चश्मा उतारके पढ़ेंगी क्या? इसका चश्मा कान में है."

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. बाई कडक होती, पण खोटी नव्हती. "ठीक है," त्या म्हणाल्या. "पढ़ते वक़्त बजाइए. बोलते वक़्त नहीं. और आप एक शब्द नहीं बोलेंगी."

मॅडमनी आपली कार्डं काढली. सुधन्वानं कधी न पाहिलेली. सुरुचीनं टिंग-टाँग केलं आणि मग एकेका अक्षराला वाटी वाजवत गेली.

"न. दी. नदी. बा. द. ल. बादल." चौथ्या कार्डाला त्याला वाटीची वाटही बघवेना, तो आपल्याच बोटानं टेबलावर ठोकू लागला. "पुराना मकान." मॅडमनी एक अख्खं वाक्य लिहून पुढे ठेवलं. तेही त्यानं वाचलं, मेट्रोच्या सुरात, शेवटी मेट्रोसारखा थांबा घेऊन. दाराच्या काचेतून जयेशचं नाक चपटं झालेलं दिसत होतं.

"पढ़ता है," मॅडम म्हणाल्या. "मान गई. अब वो रख दीजिए."

वाट्या पिशवीत गेल्या. मॅडमनी चित्रं मांडली. सफरचंद, चेंडू, पाण्याचा पेला.

"सुधन्वा, क्या चाहिए?"

"क्या चाहिए."

"गेंद चाहिए?"

"गेंद चाहिए."

मॅडमनी चेंडू दिला, तो त्यानं खाली सोडून दिला. "नहीं चाहिए?" "नहीं चाहिए." "मम्मी कहाँ है?" "मम्मी कहाँ है." मॅडमनी सोडलं नाही. प्रश्न बदलले, चित्रं बदलली, खेळणी काढली, आणि प्रत्येक प्रश्न जसा गेला तसा परत आला. सुरुचीनं ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली. बोलायला मनाई होती म्हणून ती नुसती डोळ्यांनी मुलाला ढकलत होती, बोल रे राजा, काहीही बोल, शिवी दे हवी तर. सुधन्वा पाय हलवत होता, पुढे-मागे झुलत होता. घरी जायची वेळ झाली की तो असं करतो.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सुरुचीजी, आपने बहुत मेहनत की है. मैंने इतनी उम्मीद नहीं की थी. लेकिन..."

या 'लेकिन'ला सुरुची ओळखत होती. द्वारकेपर्यंतच्या प्रत्येक शाळेत ते भेटलं होतं. दुसरी शाळा आता कुठे होती?

"बच्चा थक गया है, उसे जाने दीजिए," मॅडम म्हणाल्या. आणि निरोप गोड व्हावा म्हणून, थोडं हसून, त्यांनीच सुधन्वाला मेट्रोच्या सुरात सांगितलं, "अगला स्टेशन, घर. दरवाज़े बाईं ओर खुलेंगे."

सुधन्वाचं झुलणं थांबलं. पण तो उठला नाही. त्यानं मॅडमकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत मॅडमकडे.

"नाही," तो म्हणाला.

सूर नाही, थांबा नाही, कुणाची नक्कल नाही. बारीक, जरा घोगरा आवाज. आठ वर्षांत सुरुचीनं तो ऐकला नव्हता.

"नाही. उजवीकडे."

"क्या बोला?" मॅडमनी सुरुचीकडे वळून विचारलं. त्यांना मराठी येत नव्हती. उत्तर सुरुचीच्या जिभेवर आलं होतं, दातांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

"मुझे तो बोलना मना है, मैडम," ती म्हणाली. "उसी से पूछिए."

मॅडम पुढे वाकल्या. "सुधन्वा? क्या?"

सुधन्वानं उजवा हात दाराकडे लांब केला. मोठ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की मुलं वैतागतात, तसा तो वैतागला होता.

"दाईं ओर!"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. दार त्यांच्या डाव्या हाताला होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी आपल्या खुर्चीतून सांगितलं होतं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे आल्या आणि सुधन्वाच्या खुर्चीला खेटून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. सुरुचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"हाँ," मॅडम हळूच म्हणाल्या. "दाईं ओर है." मग घसा साफ करून, ताठ उभं राहून, त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, "अगला स्टेशन, घर. दरवाज़े दाईं ओर खुलेंगे."

सुधन्वा उठला आणि उजवीकडे चालू लागला. मॅडमनीच पुढे होऊन त्याच्यासाठी दार उघडलं. बाहेर जयेश दोन्ही हात तोंडावर धरून उभा होता. सुरुची पिशवी उचलून मागोमाग निघाली, तेव्हा मॅडमनी तिला थांबवलं.

"तीसरी का कमरा ऊपर की मंज़िल पर है," त्या म्हणाल्या. "उसे पहले से बता दीजिएगा."

सुरुचीला हुंदका आवरत नव्हता. तिनं पिशवीतून दोन्ही वाट्या आणि चमचा काढला आणि मॅडमच्या हातात दिला.

"आप ही बता दीजिए, मैडम," ती म्हणाली. "आपका भी सुनता है."